गळाच्या दोऱ्याची गोष्ट : घोड्याच्या केसापासून नायलॉनपर्यंत

संक्रांत आली की आपण सगळेच नायलॉन मांजावर लिहितो, बोलतो. बोललंच पाहिजे. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने देशभर त्यावर बंदी घातली, तरी दरवर्षी कुणाचा तरी गळा कापल्याची बातमी येतेच. पण त्याच जातीचा दोरा वर्षभर आपल्या कार धरणाच्या काठावर पडलेला असतो, त्यावर कुणी शब्द काढत नाही. हा दोरा गळाला आला कुठून, ते आज सांगतो.

गळ टाकणारा कुणीही सांगेल, पाणी नितळ असलं की जाड दोऱ्याजवळ मासा फिरकत नाही. इंग्लंडात पिसांची नकली माशी करून गळाला बांधायची जुनी पद्धत. माशीला वजन नसतं, म्हणून फेकायचं वजन दोरीतच हवं. दोरी जाड केली तर मासा बुजतो. मग उपाय काय? जाड दोरीच्या टोकाला नऊ, बारा, कधी पंधरा फुटांचा निमुळता होत जाणारा दोरा जोडायचा. त्याला म्हणतात लीडर.

निमुळता का? पोतराजाचा आसूड पाहिलाय ना? मुठीकडे जाड, टोकाला बारीक. हाताचा झटका जाडीकडून बारीककडे सरकत जातो. लीडरचंही तेच, फक्त इथे कडाडायचं नसतं. दोरा उलगडत जातो आणि माशी पाण्यावर अलगद उतरते. ढोबळ हिशेब असा, की निम्म्याहून जास्त लांबी जाड, मग थोडा मधला भाग, आणि शेवटचे दीड-दोन फूट सगळ्यात बारीक. जाडी एकदम उतरली तर दोरा वाटेतच गोळा होऊन पडतो. लांब लीडर फेकणाऱ्याला धीरही लागतो. मागे गेलेला दोरा पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मगच हात पुढे. घाई केली की गुंता झालाच समजा.

आता इतिहास. १४९६ मध्ये इंग्रजीत गळाच्या मासेमारीवर एक पुस्तिका छापली गेली. तिच्यात घोड्याच्या शेपटीचे केस रंगवून, पिळून दोरा कसा करायचा ते दिलंय. आयझॅक वॉल्टनचं प्रसिद्ध पुस्तक १६५३ चं. १६७६ मध्ये चार्ल्स कॉटनने त्याला जोड दिली, त्यात गळाजवळ दोन केस, मग तीन, असे वाढवत न्यायचे, हा हिशेब आहे. म्हणजे निमुळता दोरा साडेतीनशे वर्षं जुना.

पुढे रेशीमकिड्याचा दोरा आला. कोष करायच्या बेतातल्या किड्याला व्हिनेगरमध्ये भिजवायचं आणि त्याच्या पोटातली रेशमाची ग्रंथी ओढून एकच तार काढायची. स्पेनमधलं मुर्सिया या धंद्याचं मोठं केंद्र. तार जेमतेम फूट-सव्वा फूट, म्हणून एका लीडरला सात-आठ तुकडे जोडावे लागत. गाठ मारण्याआधी पाण्यात भिजवावं लागे. आपल्या विदर्भातही मासे आणि रेशीम एकाच घरात नांदतात. भंडारा-गडचिरोलीकडचे ढिवर बांधव मासेमारीबरोबर ऐनाच्या झाडांवर कोसा पिकवत आले.

१८७३ मध्ये मद्रास इलाख्यातले अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस यांनी हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर मोठं पुस्तक लिहिलं. १८९७ मध्ये मत्स्य कायदा झाला. स्फोटकं टाकून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं गुन्हा ठरलं. पण नायलॉनचा विचार त्यात असणार कसा? अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीने ते जाहीर केलं १९३८ मध्ये.

नायलॉन आलं आणि सगळं सोपं झालं. हवी तेवढी लांबी, हवी तेवढी जाडी, भिजवायची गरज नाही. स्वस्तही. केस आणि रेशमाचा दोरा तुटला तर मातीत कुजून जायचा. हा कुजत नाही. कित्येक वर्षं तसाच राहतो. बगळ्याच्या पायात, पाणकावळ्याच्या पंखात, गुराच्या चाऱ्यात अडकतो.

यात ढिवर-भोई बांधवांकडे बोट दाखवू नका. जाळं हे त्यांचं भांडवल, फाटलं तर ते शिवतात, फेकत नाहीत. गुंतलेला दोरा कापून तिथेच टाकणारे बहुतेक आपण रविवारचे हौशी. दोरा निमुळता करायला माणसाने शतकं घालवली. तोच तुटका दोरा खिशात घालून घरी आणायला काय लागतं?

नगरपंचायत, मच्छीमार संस्था आणि आपण मिळून काठावर दोऱ्यासाठी एक डबा ठेवू शकतो. महिन्यातून एक सकाळ काठ साफ करू शकतो. कोण कोण येतंय, खाली सांगा.