टेनिसनच्या टेकडीवर १८९७

आइल ऑफ वाइट हे नाव मराठी कानाला जरा खट्याळच वाटते. 'वाइट बेटावर चाललो' म्हटले की आपल्याकडचे पाहुणे हमखास विचारतात, 'चांगले बेट मिळाले नाही का?' इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला लागून असलेले हे बेट चांगले आहे, आणि इतिहासाने काठोकाठ भरलेलेही आहे. आपली बरीच मंडळी तिथे जातात ती व्हिक्टोरिया राणीचा ऑस्बोर्न येथील वाडा पाहायला. १८९० च्या सुमारास लाहोरच्या कलाशाळेतील भाई रामसिंग यांच्या हातून सजलेला तिथला दरबार हॉल पाहून माणूस थक्क होतो. पण ऑस्बोर्न बेटाच्या उत्तर टोकाला. आज सांगायचे आहे ते पश्चिम टोकाच्या एका पायवाटेविषयी. ही वाट जिथून निघते तिथेच परत येते, म्हणून मी तिला प्रदक्षिणा म्हणतो. सात-आठ मैलांची ही प्रदक्षिणा चार-साडेचार तासांत आरामात होते.

लिमिंग्टनहून फेरीबोटीने यार्मथला उतरावे आणि बसने फ्रेशवॉटर बे या छोट्या खाडीवर यावे. तिथून चढण लागते ती टेनिसन डाऊन या खडूच्या टेकडीची. माथ्यावरून सरळ पश्चिमेला गेले की बेट संपते आणि समुद्रात उभे असलेले 'नीडल्स' हे पांढरे सुळके दिसतात. परतताना ॲलम बेच्या रंगीत वाळूच्या कड्यांवरून, हेडन वॉरनच्या माळावरून आणि टॉटलंड गावातून पुन्हा फ्रेशवॉटर गाठायचे. वाट अवघड नाही. मात्र कड्याच्या काठाला कठडा नाही, तेव्हा लहान मुलांचा हात सोडू नये.

चढणीला लागण्याआधी, खाडीजवळच 'डिंबोला' नावाचे एक घर आहे. नाव इंग्रजी वाटत नाही, कारण ते सिलोनमधल्या कॉफीच्या मळ्यांवरून आले आहे. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाई १८६० पासून इथे राहत. त्यांचा जन्म १८१५ चा, कलकत्त्याचा. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुलीने भेट म्हणून कॅमेरा दिला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यांनी काढलेली छायाचित्रे जगभर नावाजली गेली. त्या घरात आज त्यांच्या नावाने संग्रहालय आहे आणि लोक येतात ते बाईंसाठी. त्यांचे यजमान चार्ल्स हे कॅनकेची तेवढे उरले आहेत. आपण मात्र त्यांच्यापाशी थोडे थांबायला हवे.

चार्ल्स हे कॅमेरॉन हे कायदेपंडित. मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानसाठी जे विधी आयोग नेमले गेले, त्याचे ते सभासद होते. याच आयोगाने १८३७ मध्ये भारतीय दंडसंहितेचा मसुदा सादर केला. लेखणी मुख्यतः मेकॉलेची, पण त्या कामात कॅमेरॉन यांचा हातभार होता. मसुद्यातील ११३ वे कलम सरकारविषयी अप्रीती पसरवणाऱ्याला शिक्षा सांगणारे होते. १८६० साली संहिता मंजूर झाली तेव्हा हे कलम गळाले, आणि १८७० मध्ये १२४-अ असा क्रमांक घेऊन ते परत आले. मराठी माणसाला हा आकडा वेगळा सांगायला नको.

आता टेकडी चढू या. माथा १४७ मीटर उंच आहे. डाव्या हाताला इंग्लिश खाडी, उजव्या हाताला सोलेंट आणि पलीकडे इंग्लंडची भूमी. सर्वांत उंच जागी दगडाचा मोठा क्रूस उभा आहे. राजकवी टेनिसन १८५३ पासून पायथ्याच्या फॅरिंगफर्ड या घरात राहत असे आणि रोज या टेकडीवर फिरायला येई. क्रिमियन युद्धातील घोडदळावरची त्याची प्रसिद्ध कविता याच घरातली. १८५७ मध्ये लखनौला वेढ्यात सापडलेल्या इंग्रजांचे गुणगान करणारी कविताही त्याने १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. वेढा घालणाऱ्यांची बाजू तिच्यात शोधू नये. १८९२ मध्ये तो वारला आणि हे स्मारक उभे राहिले ते १८९७ साली.

१८९७! इतिहास शिकलेल्या कोणाही मराठी माणसाची पावले इथे अडखळावीत. हे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचे वर्ष. २२ जूनला मिरवणुकीसाठी राजवाड्यातून निघताना राणीने एक विजेचे बटण दाबले आणि तिचे आभाराचे शब्द तारेने साऱ्या साम्राज्यात गेले. त्याच रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या गव्हर्नरच्या बंगल्यावर महोत्सवाचा समारंभ झाला. तिथून परतणाऱ्या रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली गोऱ्या सोजिरांनी पुण्यातल्या घराघरांत घातलेला धुडगूस त्यामागे होता. २७ जुलैला लोकमान्य टिळकांना मुंबईत अटक झाली. खटला खुनाचा नव्हता, 'केसरी'च्या १५ जूनच्या अंकातील शिवाजी उत्सवासंबंधीच्या मजकुराचा होता. कलम, अर्थातच, १२४-अ. अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला समजावला. सहा युरोपियन ज्युरर दोषी म्हणाले, तीन हिंदी ज्युरर निर्दोष म्हणाले. १४ सप्टेंबरला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा, असे ऐकून मराठी मुलुखाने कपाळावर हात मारला असेल.

कॅमेरॉन यांनी टिळकांना तुरुंगात धाडले असे म्हणणे हा शुद्ध अन्याय होईल. ते १८८० मध्येच वारले होते. मला म्हणायचे आहे ते एवढेच की कायदा लिहिणारी माणसे राक्षस नव्हती. ती सुसंस्कृत होती, कवींच्या शेजारी राहत होती, समुद्राची हवा खात होती. लिहिलेल्या शब्दांचे पुढे काय झाले ते पाहायला त्यांना पुण्या-मुंबईला राहावे लागले नाही.

पुढे टेकडी निमुळती होत नीडल्सच्या तोफखान्यापाशी येते. १८६० नंतरच्या दोन-चार वर्षांत फ्रेंचांच्या भीतीने तो बांधला गेला. समुद्रावर नजर ठेवणारी ही जागा पाहताना सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आठवल्यावाचून राहत नाहीत. शेजारीच १९५६ ते १९७१ या काळात ब्रिटिश अग्निबाणांच्या इंजिनांची चाचणी होई. वळून ॲलम बेला आले की मार्कोनीचे स्मारक दिसते. इथल्या हॉटेलात त्याने बिनतारी संदेशांचे केंद्र थाटले, तेही १८९७ च्या डिसेंबरात. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच्याच यंत्रांनी ऑस्बोर्नचा वाडा आणि गुडघा दुखावून जहाजावर पडलेला युवराज यांच्यात सुमारे दीडशे संदेश गेले-आले. त्या वेळी टिळक तुरुंगातच होते. ऑक्सफर्डचे मॅक्स म्युलर आणि इतर मान्यवरांच्या अर्जानंतर ६ सप्टेंबर १८९८ ला त्यांची सुटका झाली. त्यांच्या अभ्यासाची कदर करणारेही इंग्लंडातच होते, हे विसरून चालणार नाही.

हेडन वॉरनच्या माळावरून उतरताना हाच विचार मनात घोळतो. ब्रिटनने स्वतःपुरता राजद्रोहाचा गुन्हा २००९ च्या कायद्याने रद्द केला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये १२४-अ स्थगित ठेवले आणि १ जुलै २०२४ ला दंडसंहिताच जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्या १५२ व्या कलमात जुन्या कलमाचा किती अंश उरला, यावर वाद चालू आहे.

या वाटेवरच्या पाट्या टेनिसनविषयी सांगतात, मार्कोनीविषयी सांगतात आणि ते योग्यच आहे. पुण्याबद्दल सांगणारी पाटी तिथे नाही, आणि ती हवी असा आग्रहही मी धरणार नाही. इथे वाढलेली आपली मुले टेनिसन शाळेत शिकतील. टिळक त्यांना कोण शिकवणार? त्यासाठी वेगळा वर्ग काढायची गरज नाही. एखाद्या कोरड्या शनिवारी डबे बांधून त्यांना या टेकडीवर न्यावे, क्रूस दाखवून तो उभा राहिल्याचे साल सांगावे आणि विचारावे, 'याच वर्षी आपल्याकडे काय झाले, ठाऊक आहे?' पुढे नीडल्सपर्यंत दीड-दोन मैलांची सपाट चाल आहे. गोष्ट सांगायला तेवढी पुरते.