खिडकीची देणगी

डॉक्टर तपासून उठतात, हात धुतात आणि घरांतील कर्त्या माणसाला बाहेरच्या खोलींत बोलावून हलक्या आवाजांत सांगतात, "आतां यांना घरींच ठेवा. हवें तें खाऊं-पिऊं घाला. आमच्या हातीं कांहीं उरलें नाहीं." हें वाक्य आपल्यापैकीं पुष्कळांनीं ऐकलें असेल. तें कठोरपणानें उच्चारलेलें नसतें. बोलणाराला तें खरेंच वाटत असतें. परंतु त्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत जे आठवडे किंवा महिने जातात, त्यांत वेदना असते, धाप असते, जखमेची दुर्गंधि असते, रात्रीची भीति असते. या काळांत करण्यासारखें खरोखरच कांहीं नसतें काय? या प्रश्नाचें वैद्यकानें दिलेलें उत्तर गेल्या पाऊणशें वर्षांत कसें बदललें, तें आज सांगावयाचें आहे.

'हॉस्पिस' हा शब्द मूळचा लॅटिन. पाहुणा आणि यजमान या दोघांनाहि त्या भाषेंत एकच शब्द आहे, त्यापासून हा निघाला. मध्ययुगीन युरोपांत यात्रेकरूंच्या वाटेवर जीं विश्रांतिस्थानें असत त्यांना हें नांव होतें. आपल्याकडील धर्मशाळाच म्हणा ना. पुढें १८७९ सालीं आयर्लंडांतील ख्रिस्ती जोगिणींनीं डब्लिन येथें मरणासन्नांसाठीं घर काढलें, त्याला हेंच नांव दिलें. आणि १९०५ सालीं त्याच पंथाच्या जोगिणींनीं लंडनच्या हॅकनी भागांत सेंट जोसेफ हॉस्पिस उघडलें. तेथें माया होती, स्वच्छता होती, प्रार्थना होती. वेदनेचें शास्त्र मात्र अद्याप तयार व्हावयाचें होतें.

तें शास्त्र ज्यांनीं उभें केलें त्या सिसिली सॉन्डर्स या बाई १९१८ सालीं जन्मल्या. त्या प्रथम परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यानें तें काम सुटलें तेव्हां रुग्णालयांत समाजसेविका झाल्या. तेथें त्यांची डेव्हिड टास्मा या पोलंडमधील ज्यू निर्वासिताशीं ओळख झाली. चाळिशीचा हा गृहस्थ कर्करोगानें मरणाच्या वाटेवर होता. परक्या देशांत त्याला आपलें असें कोणी नव्हतें. अशा माणसांसाठीं निराळें घर कसें असावें, याविषयीं दोघें बोलत असत. १९४८ सालीं तो वारला. जातांना त्यानें बाईंना ५०० पौंड ठेवले. त्या घरांत आपली एक खिडकी असावी, एवढीच त्याची इच्छा होती. घर अर्थातच कोठेंहि नव्हतें!

बाई मग लंडनमधील सेंट ल्यूक्स या मरणासन्नांच्या रुग्णालयांत विनावेतन काम करूं लागल्या. मॉर्फीन कांहीं नवें नव्हतें. अफूंतून तें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच वेगळें काढण्यांत आलें होतें. नवी होती ती देण्याची रीत. इतर रुग्णालयांत प्रघात असा, कीं वेदना उठावी, रोग्यानें कण्हत हांक मारावी आणि मग सुई टोचली जावी. तिचा अंमल उतरला कीं तेंच चक्र पुन्हा. रोग्याचें सारें लक्ष पुढच्या सुईकडे लागे, आणि वैद्यांना वाटे, याला औषधाची चटक लागली! सेंट ल्यूक्समध्यें मॉर्फीन घड्याळाच्या कांट्याप्रमाणें दिलें जाई. पहिल्या मात्रेचा अंमल सरण्यापूर्वींच दुसरी मात्रा तोंडावाटें पोटांत जाई. घरचीं माणसें भुकेनें कासावीस झाल्यावर चूल पेटविणाऱ्या गृहिणीला आपण शहाणी म्हणत नाहीं. वेदनेच्या बाबतींत मात्र वैद्यक नेमकें तेंच करीत होतें.

आपलें म्हणणें वैद्यांच्या गळीं उतरवावयाचें तर आपणच वैद्य झालें पाहिजे, हें ओळखून बाईंनीं शिक्षण घेतलें व १९५७ सालीं त्या डॉक्टर झाल्या. पुढील वर्षापासून हॅकनीच्या सेंट जोसेफमध्यें त्यांनीं रोग्यामागून रोग्याची बारकाईनें नोंद ठेवली. वेदना शमलेला माणूस गुंगींत न राहतां घरच्यांशीं बोलतो, हें त्या नोंदींवरून दिसून आलें. वेदना केवळ देहाची नसते. मनाची, संसाराच्या काळजीची आणि श्रद्धेच्या प्रश्नांची वेदना तींत मिसळलेली असते, ही 'समग्र वेदने'ची कल्पनाहि त्यांचीच. अखेर १९६७ सालीं दक्षिण लंडनमध्यें सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलें. देणगीला तेव्हां एकोणीस वर्षें झालीं होतीं. टास्माची खिडकी तेथें प्रवेशाशींच आहे.

ही शुश्रूषा व्यवहारांत अगदीं साधी असते. मॉर्फीननें मलावरोध होतो, म्हणून सारक औषध त्याच दिवसापासून सुरू करतात. धाप लागणाऱ्याच्या चेहऱ्यावर पंख्याचा वारा सोडतात. दुर्गंधि येणाऱ्या जखमेवर मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड टाकतात. वास कमी झाला कीं नातवंडें पुन्हा आजीच्या खाटेशीं येऊन बसतात. कोरडें तोंड ओलें कसें करावें, कूस कशी बदलावी, हें घरच्यांना शिकवितात. आणि रोग्याला विचारतात, तुम्हांला कशाची काळजी वाटते?

आपल्या देशांतील पहिलें हॉस्पिस मुंबईस वांद्रें येथें १९८६ सालीं डॉ. एल. जे. डिसोझा यांनीं स्थापिलें. तें शांति आवेदना सदन. परंतु त्यापूर्वींच, १९८५ सालीं, अमली पदार्थांविषयींचा कडक कायदा झाला होता. हेतु चोरट्या व्यापाराला आळा घालण्याचा. पण मॉर्फीनसाठीं इतके परवाने लागूं लागले, कीं रुग्णालयांनीं तें ठेवणेंच सोडलें. नीमच आणि गाझीपूर येथें सरकारी अफूचे कारखाने, या देशाची अफू औषधासाठीं परदेशीं जाते, आणि १९९७ सालीं सबंध देशांत औषध म्हणून वापरलेलें मॉर्फीन अवघें १८ किलोग्रॅम! हा कायदा २०१४ सालीं सुधारण्यांत आला.

दरम्यान केरळानें वाट दाखविली होती. कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं हें काम आरंभिलें. पुढें मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजारीपाजारी, शिक्षक, विद्यार्थी आठवड्यांतले कांहीं तास देऊं लागले. परिचारिका घरोघर जाऊं लागली. २००८ सालीं केरळ सरकारनें यासाठीं धोरण ठरविलें. असें करणारें तें पहिलें राज्य. आपल्याकडे पुण्यास १९९७ पासून असें केंद्र आहे. तरीहि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांतील गरजू शंभरांपैकीं सुमारें चौदांनाच ही शुश्रूषा मिळते.

म्हणून, श्रोतेहो, बाहेरच्या खोलींत तें वाक्य ऐकण्याचा प्रसंग आला तर मान खालीं घालून परत फिरूं नका. रोग बरा होणार नाहीं, हें मान्य करा, पण तेथेंच उभें राहून विचारा, "डॉक्टर, वेदनेचें काय? रात्रीं धाप लागली तर काय द्यावयाचें? घरीं येऊन कोण पाहील?" या प्रश्नांना उत्तरें आहेत. तीं विचारली गेलीं नाहींत, एवढ्याचसाठीं कोणाला रात्रभर कण्हत पडावें लागूं नये.