भाडोत्री टाळी आणि बनावट चाहता

आंतरजालावरील छुप्या जाहिरातीविषयी लिहावयाचे झाले की बहुतेक लेखक रोमच्या नीरो बादशहापासून आरंभ करतात. पैसे घेऊन वाहवा करणारे तेव्हाही होते, आजही आहेत, केवळ साधन बदलले, असा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश असतो. हा वंशवृक्ष वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु पुरावा बारकाईने तपासला असता तो टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तसे का वाटते, हे सांगण्यासाठी प्रथम त्या जुन्या टाळीकरांकडेच वळावयास हवे.

सूटोनियसने लिहिलेल्या नीरोच्या चरित्रावरून असे दिसते की, आपल्या गायनाची वाहवा व्हावी म्हणून ह्या बादशहाने ५,००० हून अधिक धडधाकट तरुण जमवून त्यांस टाळ्यांचे निरनिराळे प्रकार शिकविले होते. एका प्रकारास मधमाश्यांच्या गुंजारवावरून, दुसऱ्यास पन्हळी कौलांवरून, तिसऱ्यास सपाट विटांवरून नाव पडले होते. त्यांच्या नायकांस प्रत्येकी ४,००,००० सेस्टर्स मिळत. पुढे धाकट्या प्लिनीने एका पत्रात न्यायालयातील हाच प्रकार वैतागून वर्णिला आहे. वकिलाच्या भाषणास दाद देण्यासाठी माणसे भाड्याने मिळत. त्याच्या स्वतःच्या पदरच्या दोघा पोरांस तीन-तीन दिनार देऊन कोणी ओढून नेले होते. श्रोत्यांपैकी पुष्कळांस भाषण कळत नसे, कित्येकांस ते ऐकूही येत नसे, म्हणून मध्ये उभा असलेला म्होरक्या खूण करी. ह्या मंडळींस लॅटिनमध्ये जे टोपणनाव पडले ते भाषाभ्यासकाने पाहण्यासारखे आहे. ‘स्तुती’ आणि ‘जेवण’ ह्या अर्थांचे दोन शब्द जोडून, एका नगरीच्या रहिवाशांच्या नावाशी त्याचा श्लेष साधून, जेवणासाठी स्तुती करणारे असा अर्थ त्यात भरला होता. आपल्याकडील ‘खुशमस्कऱ्या’ त्यापुढे फिका पडतो.

एकोणिसाव्या शतकातील पॅरिसमध्ये हा धंदा शास्त्राच्या पदवीस पोहोचला. १८२० साली तेथे नाट्यप्रयोगांच्या यशाची हमी देणारी एक पेढीच निघाली. व्हेरों हा पॅरिसच्या ऑपेराचा संचालक असताना, म्हणजे १८३१ ते १८३५ ह्या काळात, ओग्यूस्त नावाचा टाळीकरांचा नायक तेथे होता. तो तालमी पाहून, संचालकाशी विचारविनिमय करून, कोठे किती दाद द्यावयाची ते आधी ठरवी. हाताखालच्या माणसांची कामे वाटलेली असत: कोणी हसावयाचे, कोणी डोळ्यांस रुमाल लावावयाचा, कोणी ‘पुन्हा एकदा’ म्हणून ओरडावयाचे. भरताने नाट्यशास्त्राच्या सिद्धिविषयक अध्यायात प्रेक्षकांचे स्मित, अर्धहास्य, अतिहास्य, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे प्रतिसाद नोंदवून त्यांवरून प्रयोगाचे यश जोखावे असे सांगितले आहे. पॅरिसच्या नायकाने तीच यादी हाती घेतली आणि तिचे दरपत्रक केले, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु ह्या टाळीकरांस पॅरिसमध्ये लोक काय म्हणत? ‘रोमन’, किंवा ‘झुंबराचे सरदार’! नाट्यगृहातील मोठ्या झुंबराखाली त्यांची जागा ठरलेली असे, आणि ती गायकांस, वृत्तपत्रांस, नित्याच्या प्रेक्षकांस, सर्वांस ठाऊक होती. संगीतकार बेर्लिओझ ह्याने १८५२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यांची मनसोक्त थट्टा केली आहे. ज्याला शहर नावाने ओळखते, ज्याची जागा बोटाने दाखविता येते, त्याच्या टाळीने वातावरण तापेल. फसवणूक मात्र मर्यादितच होईल. दुसरे असे की, टाळीस व्याकरणातील ‘पुरुष’ नसतो. टाळी वाजविणारा ‘मी हे अनुभवले’ असे विधान करीत नाही. ती दाद आहे, साक्ष नव्हे.

आधुनिक छुप्या जाहिरातीचा धंदा साक्षीचा आहे, म्हणून तिचे पूर्वज नाट्यगृहात न शोधता मासिकांच्या पानांत शोधावे लागतात. १८१७ साली लंडनच्या ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्ये वॉल्टर स्कॉटने आपल्याच कादंबऱ्यांचे परीक्षण नावाशिवाय लिहिले. १८५५ साली वॉल्ट व्हिटमनने आपल्या पहिल्या काव्यसंग्रहाची निदान तीन निनावी परीक्षणे स्वतःच छापून आणली. दोघेही थोर साहित्यिक. तरीही तिऱ्हाइताचे सोंग त्यांनी घेतले, हे नाकारता येत नाही. निनावी परीक्षणाची त्या काळी रूढी होती, एवढाच त्यांच्या बाजूचा युक्तिवाद.

ह्या सोंगास व्यापारी कंपनीचा आश्रय कसा मिळाला, ह्याचा चांगला पुरावा सोनी ह्या उद्योगसमूहाच्या दोन प्रकरणांत सापडतो. पहिले चित्रपटांचे. कनेक्टिकट राज्यातील एका खऱ्याखुऱ्या साप्ताहिकाचा समीक्षक म्हणून डेव्हिड मॅनिंग ह्या नावाने कंपनीच्या चित्रपटांच्या जाहिरातींत प्रशंसेची वाक्ये छापली जात. २००१ सालच्या जूनमध्ये ‘न्यूजवीक’ने असा कोणी समीक्षकच नसल्याचे उघड केले. त्याच सुमारास, एका चित्रपटाच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत सामान्य प्रेक्षक म्हणून बोलणारी दोन माणसे कंपनीचीच नोकर होती, हेही बाहेर आले. मॅनिंगच्या प्रकरणी २००५ साली १५ लाख डॉलरची तडजोड झाली आणि प्रेक्षकांस तिकिटामागे पाच डॉलर मागण्याची मुभा मिळाली.

दुसरे प्रकरण आपल्या विषयाच्या अगदी गाभ्यातले आहे. २००६ सालच्या नाताळापूर्वी सोनीच्या हातात धरून खेळावयाच्या ‘पीएसपी’ ह्या यंत्राचे गुणगान करणारे एक संकेतस्थळ निघाले. चार्ली नावाच्या तरुणापाशी ते यंत्र आहे, त्याचा मित्र जेरेमी ह्यास ते हवे आहे, म्हणून जेरेमीच्या आईबापांस गळ घालण्यासाठी हे स्थळ काढले, अशी बतावणी होती. चुलतभाऊ पीट ह्याच्या रॅप गाण्याची चित्रफीतही जोडलेली होती. वाचकांनी स्थळाच्या नावाची नोंदणी कोणी केली ते पाहिले, तो झिपाटोनी ही विपणनसंस्था पुढे आली. सोनीने त्याच डिसेंबरात कबुली दिली.

नोंदणीचा पुरावा मिळाला खरा, पण संशय आधी भाषेने उत्पन्न केला. मजकुरात मोठी अक्षरे नव्हती. साध्या शब्दांची स्पेलिंगे मुद्दाम मोडलेली होती. ‘द’ ह्या उपपदातील शेवटची दोन अक्षरे उलटीपालटी केलेली होती. ही शेवटची खूण मुळात टंकलेखनातील चूक. खेळांच्या शौकिनांनी ती थट्टेने आपलीशी केली होती. ज्यास ती थट्टा माहीत आहे तो ती जपून वापरतो. ज्याने ती ऐकून उचलली तो जागोजाग पेरतो. शहरी नाटककाराने खेड्यातील पात्राच्या तोंडी दर वाक्यास ‘व्हय’ घातले म्हणजे सातारकडचा श्रोता जसा सावध होतो, तसेच येथे झाले. उपहासाने शंका घेणाऱ्यांस त्याच बोलीत दटावणीचे उत्तरही देण्यात आले, आणि त्यामुळे शंका दृढच झाली.

ह्यातील खरी हानी कोणाची? यंत्राचे खरे चाहते होतेच, आणि ते अशाच मोडक्या भाषेत, अशाच उत्साहाने लिहीत. त्यांच्या ‘मी वापरले, मला आवडले’ ह्या वाक्याची किंमत एका रात्रीत उतरली. मराठीत ‘यंत्र चांगले आहे म्हणे’ ह्यातील ‘म्हणे’ने बोलणारा जबाबदारी झटकतो, तो शब्द गाळला की विधान त्याच्या पदरात पडते. तुर्की भाषेत तर पाहिलेले आणि ऐकलेले ह्यांसाठी भूतकाळाचे प्रत्ययच वेगळे आहेत. भाडोत्री चाहता जे विकतो ते वस्तूची स्तुती नव्हे. गाळलेला ‘म्हणे’ विकतो. वस्तू उत्तम असली तरी हा व्यवहार खोटाच राहतो, आणि ‘यंत्र वाईट होते काय?’ असा जो बचाव केला जातो तो म्हणूनच गैरलागू आहे.

कायद्याने हा भेद, भाषाशास्त्राचा आधार न घेताही, बरोबर ओळखला. ब्रिटनच्या २००८ सालच्या नियमांनी व्यापाऱ्याने ग्राहकाचे सोंग घेणे हाच अपराध ठरविला. स्तुती खरी की खोटी हा प्रश्नच ठेवला नाही. (त्या नियमांची जागा २०२५ च्या एप्रिलपासून नव्या कायद्याने घेतली.) अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९ साली आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत मोबदल्याचा संबंध उघड करण्याची अपेक्षा स्पष्ट केली, आणि २०२४ साली बनावट परीक्षणांवर बंदीचा नियमच केला. तैवानात २०१३ साली सॅमसंगच्या तेथील शाखेस एक कोटी तैवानी डॉलरचा दंड झाला. स्वतःची स्तुती आणि एचटीसी ह्या प्रतिस्पर्ध्याची निंदा भाड्याच्या लेखण्यांकडून करविल्याचा ठपका तिच्यावर होता. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ च्या नोव्हेंबरात ऑनलाइन ग्राहक-परीक्षणांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. ते ऐच्छिक स्वरूपात आले. लिहिणाऱ्याची ओळख पटविण्यासाठी ई-मेलचा पत्ता, दूरध्वनी वा लघुसंदेश असे मार्ग त्यात सुचविले आहेत. त्यांनी लिहिणारे माणूस अस्तित्वात आहे एवढे कळते. सोनीच्या जाहिरातीत बोलणारे ते दोन नोकरही अस्तित्वात होतेच.