कुलवृत्तांतात न लिहिलेला आजार

आपल्यापैकी बहुतेक जुन्या घराण्यांत एखादा कुलवृत्तांत जपून ठेवलेला असतो. मूळ गाव कोणते, कोणत्या पिढीत कोण इंदुरास, ग्वाल्हेरीस, बडोद्यास वा बेळगावास येऊन स्थिरावले, कोणास कोणती नोकरी होती, कोणाची मुलगी कोणत्या घरी दिली, हे सारे त्यात तपशीलवार सापडते. सेवानिवृत्तीनंतर आम्ही असे काही वृत्तांत सलग वाचले. नोंदी तपासण्यातच शासकीय सेवेची वर्षे गेल्यामुळे जे लिहिले गेले नाही, तेही नजरेस येऊ लागले. ‘अविवाहित’, ‘विहिरीत पडून मृत्यू’, ‘भाजल्याने निधन’ अशा नोंदी अधूनमधून आढळतात. कारण मात्र कोठेच नसते. या सर्वांमागे एकच आजार होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु विहीर, चूल आणि मोडलेले लग्न या तिन्ही ठिकाणी ज्याची सावली हटकून पडत असे, तो अपस्मार, म्हणजे आपल्या बोलीतील फेफरे, नावानिशी आम्हांस कोठेही आढळला नाही.

वास्तविक आपल्या जुन्या वैद्यकास हा आजार उत्तम ठाऊक होता. स्मृती हरपते म्हणून ‘अपस्मार’ हे नाव. चरकसंहितेत निदानस्थान आणि चिकित्सास्थान या दोन्ही ठिकाणी त्याला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. वात, पित्त, कफ आणि सन्निपात असे त्याचे चार प्रकार सांगितले आहेत, पंचगव्य घृतासारखी औषधे दिली आहेत. त्याहून लक्षणीय म्हणजे अशा रुग्णाला पाणी, अग्नी, झाडे, डोंगर आणि अवघड जागा यांपासून सदैव जपावे, असा इशाराही तेथे आहे. विहीर आणि चूल यांचे भय चरकाच्या परंपरेने इतक्या पूर्वी ओळखले होते. ग्रीसमध्येही इ.स.पूर्व 400 च्या सुमारास हिपॉक्रेटीसच्या परंपरेतील एका ग्रंथकाराने ठामपणे लिहून ठेवले, की लोक ज्याला ‘पवित्र रोग’ म्हणतात तो इतर रोगांहून अधिक दैवी नाही. त्याचे मूळ मेंदूत आहे. ग्रंथांत हे असे असताना घराघरांत मात्र देवऋषी, अंगारा, गंडादोरा आणि नाकाशी धरलेला कांदा किंवा चप्पल हेच उपचार चालत राहिले.

खात्रीचे औषध हाती यायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. 1857 मध्ये लंडनचे डॉक्टर चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडचा गुण नोंदवला. त्याने झटके कमी होत, पण सुस्ती येई आणि अंगावर पुरळ उठे. 1912 मध्ये जर्मनीतील आल्फ्रेड हाउप्टमान यांनी फिनोबार्बिटोनचा उपयोग दाखवून दिला. तीच आपल्या घरांतून परिचित झालेली ‘गार्डिनाल’ गोळी. 1929 मध्ये हान्स बर्गर यांनी मेंदूतील विद्युत्‌लहरींचा आलेख प्रसिद्ध केला आणि ज्याला बाधा म्हटले जात होते ते कागदावर रेघांच्या रूपाने दिसू लागले. 1938 मध्ये अमेरिकेत मेरिट आणि पटनम यांनी फेनिटॉइन आणले. त्यानंतर अनेक नवी औषधे आली, आणि निवडक रुग्णांसाठी शस्त्रक्रियाही उपलब्ध झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य निदान व उपचार मिळाल्यास सुमारे 70 टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात.

आता कायद्याकडे वळू. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात मुळात अपस्माराचा उल्लेख नव्हता. 1976 च्या दुरुस्तीने तो कलम 5 मध्ये आला. वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांच्या शेजारी अपस्मारालाही बसवण्यात आले. असा विवाह कलम 12 अन्वये रद्द करून घेता येत असे. विशेष विवाह कायद्यातही तशीच तरतूद झाली. म्हणजे फिनोबार्बिटोन उपलब्ध होऊन 64 वर्षे लोटल्यावर या आजाराला विवाहाची अपात्रता ठरवले गेले! भारतीय अपस्मार संघटना आणि मेंदूविकारतज्ज्ञ यांच्या पाठपुराव्यानंतर 1999 च्या दुरुस्तीने ‘अपस्मार’ हा शब्द दोन्ही कायद्यांतून वगळण्यात आला. कायद्याची चूक 23 वर्षांनी दुरुस्त झाली. घरांची कधी व्हायची?

आपल्यासारख्या विखुरलेल्या समाजात स्थळे दूरच्या शहरांतून, नातेवाइकांच्या चौकशीतून येतात. एक कुजबुज बाहेर पडली की सख्ख्या भावंडांचीही लग्ने अडतील, या भयाने आईवडील गप्प बसतात. मुलगी सासरी जाते ती गोळ्या साडीच्या घडीत लपवून. एकत्र कुटुंबात त्या वेळेवर घेणे जमत नाही, एखादा दिवस चुकतो, मग दोन, आणि वर्षानुवर्षे न आलेला झटका परत येतो. गोळी अचानक बंद करणे हेच झटका परतण्याचे एक मोठे कारण आहे. गरोदरपणापूर्वी काही औषधे बदलावी लागतात. पण ज्या घरात आजारच ठाऊक नाही तेथे डॉक्टरांकडे वेळेवर नेणार कोण? म्हणून आम्ही म्हणतो, की या आजारात लपवणे हा केवळ नीतीचा प्रश्न नाही, तो उपचाराचा प्रश्न आहे. आणि कायद्यातून ‘अपस्मार’ हा शब्द गेला असला, तरी महत्त्वाची गोष्ट लपवून लग्न केल्याची तक्रार आजही न्यायालयात मांडता येते. भीतीपोटी धरलेले मौन मुलीचे रक्षण तर करत नाहीच, उलट तिलाच आरोपी करते.

झटका काही मिनिटांचा असतो; त्याचे ओझे मात्र उरलेल्या दिवसभराचे. शुद्धीवर येताना भोवती जमलेले चेहरे दिसणे, आपण काय केले हे दुसऱ्याकडून कळणे, पुढचा झटका कोठे गाठेल ही धास्ती, आणि ‘एकटीने जायचे नाही’ हे प्रेमाने घातलेले कुंपण: हा जाच कोणत्याही आलेखात उमटत नाही. तो भोवतालच्या माणसांनीच हलका करायचा असतो. झटका आला तर रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटांत झटका न थांबल्यास रुग्णालय गाठावे. एवढे तर आपल्या प्रत्येक घरी ठाऊक असलेच पाहिजे.

आणि स्थळ पाहताना, पत्रिकेच्या देवघेवीआधी, दोन्ही बाजूंनी एक वाक्य सहजपणे बोलता आले पाहिजे: आमच्या मुलीला किंवा मुलाला फिट येत असत, औषध चालू आहे, त्याने बरे आहे. ज्या घरात हे ऐकून घेतले जाईल, ते स्थळ चांगले समजावे.