वृद्धाश्रम : वास्तू सुधारावी, सेवकही सावरावा

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के होती. त्यांतील बहुसंख्य ज्येष्ठ आपल्या घरीच राहतात. मात्र मुले परगावी वा परदेशी, जोडीदाराचा वियोग किंवा दीर्घ आजारपण यांमुळे ज्यांना वृद्धाश्रमाचा आधार घ्यावा लागतो, त्यांच्यासाठी तेथील इमारत आणि तेथील मावशी-मामा हेच उर्वरित आयुष्याचे जग ठरते. या दोहोंचा विचार बहुधा स्वतंत्रपणे होतो. वस्तुतः इमारतीतील प्रत्येक उणीव अखेर सेवकाच्या पाठीवर येऊन पडते.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रात १९९५ साली 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना सुरू झाली. पुढे २००७ साली संसदेने आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ आणि कल्याणाचा कायदा संमत केला. त्याच्या कलम १९ मध्ये प्रारंभी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक आणि किमान १५० निराधार ज्येष्ठांना सामावून घेणारा वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. सेवांचा दर्जा ठरविण्याची मुभाही राज्यांना आहे. परंतु कलमाची भाषा राज्य सरकार तसे 'करू शकेल' अशी आहे, सक्तीची नाही. त्यामुळे दर्जाचा भार मुख्यतः संस्थाचालकांच्या विवेकावर राहतो.

इमारतीतील आवश्यक बदल

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार व्यक्ती पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक असते. म्हणून सुधारणेचा प्रारंभ न्हाणीघर व शौचालयापासून करावा. लादी खडबडीत असावी, कमोडची बैठक सुमारे दीड फूट उंच असावी आणि दोन्ही बाजूंस भिंतीत पक्के बसविलेले आधारदांडे असावेत. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे आणि त्याची कडी बाहेरूनही काढता यावी. एखादी व्यक्ती आत पडली आणि दार आत उघडणारे असले, तर तिच्यापर्यंत पोचणेच कठीण होते.

चाकाच्या खुर्चीसाठी दाराची मोकळी रुंदी सुमारे तीन फूट आणि वळण्यास पाच फूट व्यासाची जागा लागते. उतरणीचे प्रमाण एकास बारा असावे. म्हणजे एक फूट उंची चढण्यासाठी किमान बारा फूट लांबीची उतरण हवी. साठीतील माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतील माणसाच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो. त्यामुळे पलंगापासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवणे हा कमी खर्चाचा, पण मोलाचा उपाय होय.

अंथरुणाला खिळलेल्यांची व्यवस्था तळमजल्यावर असावी आणि बाहेर पडण्याचे दोन मार्ग सदैव मोकळे असावेत. १ जानेवारी २०२३ रोजी दिल्लीच्या ग्रेटर कैलास भागातील वृद्धाश्रमास लागलेल्या आगीत दोन वृद्ध महिलांचा मृत्यू झाला. जे स्वतः चालू शकत नाहीत, त्यांना बाहेर काढण्यास रात्री किती हात उपलब्ध आहेत, याचा हिशेब आधीच मांडलेला असावा.

सेवकांचा भार

हा हिशेब केवळ आगीपुरता नाही. शय्याव्रण टाळण्यासाठी अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी लागते. असे पाच जण असलेल्या आश्रमात रात्री आठ ते सकाळी सहा या वेळेत पंचवीस वेळा कूस बदलणे आले. कपडे व चादरी बदलणे, शौचास नेणे, घाबरलेल्यास धीर देणे हे वेगळेच. एकट्या मावशीकडून ही अपेक्षा ठेवली, की काही फेऱ्या चुकतात आणि जखमा होतात.

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञाने २००७ साली रुग्ण उचलताना एका सेवकावर येणाऱ्या भाराची मर्यादा सुमारे १६ किलो सुचविली. वृद्धाश्रमात पन्नास-साठ किलो वजनाच्या व्यक्तीस एकटीनेच उचलणे ही नित्याची बाब असते. उंची कमी-अधिक करता येणारा पलंग, सरकविण्याची चादर, कमरेचा आधारपट्टा आणि दोघांनी मिळून उचलण्याचा नियम यांमुळे सेवकाची पाठ व वृद्धाचे हाड दोन्ही सुरक्षित राहतात.

याखेरीज निश्चित पाळ्या, साप्ताहिक सुटी, किमान वेतन, विश्रांतीची स्वतंत्र खोली आणि प्रशिक्षण आवश्यक आहे. केंद्र सरकारचे 'राष्ट्रीय समाज रक्षा संस्थान' वृद्धसेवेचे प्रशिक्षण देते. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती चिडून हात उगारते तेव्हा ते आजाराचे लक्षण आहे, हे ज्ञात असलेला सेवक संयम राखू शकतो. एखाद्या आजी-आजोबांच्या निधनानंतर वर्षानुवर्षे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या मावशीलाही दुःख होते. तिला दोन शब्द बोलण्याची सवड द्यावी.

निधीचा प्रश्न

देणगीतून सभागृह उभे राहते, कोनशिलेवर नाव कोरले जाते. रात्रपाळीच्या दुसऱ्या सेवकाच्या पगारावर मात्र कोणाचे नाव कोरता येत नाही. म्हणून त्यासाठी देणगीदार क्वचितच पुढे येतात. संस्थांनी प्रत्येक बांधकाम-निधीबरोबर सेवक-निधीही उभारावा आणि दात्यांनी ठरावीक रकमेचा मासिक वाटा उचलावा, हा यावरील व्यवहार्य मार्ग आहे.

वृद्धाश्रमाची निवड करताना नातेवाइकांनी बाग व देवघर अवश्य पाहावे. परंतु न्हाणीघर आधी पाहावे. रात्री किती सेवक असतात आणि ते किती वर्षांपासून टिकून आहेत, हे दोन प्रश्न न संकोचता विचारावेत. ज्येष्ठांसाठीच्या माहितीकरिता व तक्रारींकरिता १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी विनाशुल्क उपलब्ध आहे.