तुकड्यांवरून ओळखलेले नाते

वर्गात जनुक शिकवताना आपण फळ्यावर एक सलग रेघ ओढतो. १९७७ सालापर्यंत शास्त्रज्ञांची कल्पनाही अशीच होती. त्या वर्षी रिचर्ड रॉबर्ट्‌स आणि फिलिप शार्प यांच्या गटांना एका विषाणूची जनुके तुटक आढळली. प्रथिनाचा मजकूर असलेल्या तुकड्यांना पुढे 'एक्झॉन' आणि मधल्या बिनमजकुराच्या पट्ट्यांना 'इंट्रॉन' ही नावे मिळाली.

१९८० च्या दशकापर्यंत रक्तातील पांढऱ्या पेशींची प्रथिने कापणारी विकरे हाती येऊ लागली होती. मारक टी-पेशींच्या कणिकांत सापडलेल्यांना 'ग्रॅन्झाइम' हे नाव मिळाले. १९८८ मध्ये न्यूट्रोफिल पेशींतील इलॅस्टेजच्या जनुकाची रचना उलगडली. त्यात पाच एक्झॉन व चार इंट्रॉन निघाले. कापण्यासाठी तीन अमिनो आम्ले लागतात. त्यांपैकी हिस्टिडीन दुसऱ्या तुकड्यात, अ‍ॅस्पार्टिक आम्ल तिसऱ्यात आणि सिरीन पाचव्यात. ग्रॅन्झाइम-बी, कॅथेप्सिन-जी यांचीही मांडणी हीच! इतकेच काय, आपल्या पचनातील ट्रिप्सिनच्या जनुकातही ही तीन आम्ले याच क्रमांकाच्या तुकड्यांत आहेत.

हा योगायोग का मानू नये? दोन पोथ्यांत नेमक्या त्याच ठिकाणी जागा कोरी सोडलेली दिसली, तर दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असे आपण म्हणतो. तसेच हे. मूळ जनुकाच्या प्रती निघत गेल्या आणि प्रत्येक प्रत हळूहळू वेगळ्या कामाला लागली. माणसात ग्रॅन्झाइम-बी आणि कॅथेप्सिन-जी १४ व्या गुणसूत्रावर शेजारी राहतात, तर इलॅस्टेज १९ व्या गुणसूत्रावर. तिथे त्याच्या शेजारी अ‍ॅझुरोसिडिन हा एक गमतीदार भाऊबंद आहे. त्याची हिस्टिडीन आणि सिरीन दोन्ही बदलली आहेत. त्यामुळे तो काहीच कापू शकत नाही, पण जिवाणू मात्र मारतो.

काही मुलांना साधारण दर २१ दिवसांनी ताप येतो, तोंडात फोड येतात. त्या वेळी रक्तातील न्यूट्रोफिल जवळजवळ नाहीसे झालेले असतात. १९९९ मध्ये मार्शल हॉर्विट्झ व सहकाऱ्यांनी अशी १३ कुटुंबे तपासली. तेराही कुटुंबांत इलॅस्टेजच्याच जनुकात बदल सापडला. विकर नसल्यामुळे आजार होतो, असे आपल्याला सहज वाटेल. पण हे जनुक पूर्ण काढून टाकलेल्या उंदरांत न्यूट्रोफिलची संख्या नेहमीसारखीच राहिली. तेव्हा घात करते ते विकराचे नसणे नव्हे. बिघडलेले प्रथिन ते बनवणाऱ्या पेशीलाच मारक ठरते, असे आज मानले जाते.