कुरणात भरलेली शाळा : डहाणू-तलासरीचे १९४५ साल

१/ त्याग आणि चिकाटी असली की गरिबाचे मूलही शिकते, असे आपण नेहमी ऐकतो. पण हा त्याग कोणी करायचा? डहाणू-तलासरीच्या इतिहासाने या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले आहे. त्याविषयी हा थ्रेड.

२/ साल १९४५. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला २०१४ मध्ये. जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती, वारल्यांच्या वाट्याला वेठबिगार. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण 'लग्नगडी' होऊन मालकाकडे राबे. ते कर्ज अनेकदा आयुष्यभर फिटत नसे.

३/ अशा घरात मूल म्हणजे कामाचा एक हात. मुलगा गुरे राखी, मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळी. मूल शाळेत बसले की तो हात कमी होई.

४/ २३ मे १९४५ रोजी झरी गावी (आज तलासरी तालुका) किसान सभेच्या परिषदेला सुमारे ५,००० आदिवासी जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला.

५/ या निर्धाराची किंमत मोठी होती. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. तरीही लढा थांबला नाही आणि वेठ व लग्नगडी या प्रथा मोडल्या.

६/ त्याच वर्षी डिसेंबरात जवळच्या बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. किसान सभेशी त्याचा संबंध नव्हता. ते सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या बालशिक्षणतज्ज्ञ होत्या. तेव्हा त्यांचे वय ५३ होते.

७/ त्यांच्या सहकारी अनुताई वाघ ३५ वर्षांच्या. तेराव्या वर्षी विवाह, सहा महिन्यांत वैधव्य. नोकरी करत, रात्रशाळेत शिकून त्या १९३७ साली मॅट्रिक झाल्या होत्या. शिकण्यासाठी काय सोसावे लागते, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

८/ केंद्र उघडले, पण वस्तीतली मुले आपण होऊन येईनात. तेव्हा बाईच वस्तीत जाऊ लागल्या. घरापुढच्या अंगणात मुलांना जमवायचे, हात-तोंड धुवायचे, गाणी-गोष्टी-खेळ घ्यायचे. हीच 'अंगणवाडी'. माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी बिया, शंख-शिंपले, खडे आणि पाने आली.

९/ पुढे १९५० च्या दशकात हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा कुरणात गेली. हीच 'कुरणशाळा'. गुरे चरत असत आणि मुले तिथेच अक्षरे गिरवत.

१०/ 'विकासवाडी'त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आल्या. भावंड पाळणाघरात सोडले की थोरली बहीण वर्गात बसू शके. तिच्या गैरहजेरीला कोणी आळस म्हटले नाही. गैरहजेरीचे कारणच दूर केले.

११/ या दोन घटना एकत्र पाहाव्या लागतात. वेठ मोडली नसती, तर मुलाचा दिवस मालकाचाच राहिला असता. शाळेने आपली वेळ आणि जागा बदलली नसती, तर तो मोकळा झालेला दिवस गुरांमागेच गेला असता.

१२/ ताराबाई १९७३ साली वारल्या. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, एकात्मिक बालविकास योजना आली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचला. अनुताई १९९२ मध्ये निधन पावल्या. तलासरीत आज गोदावरी परुळेकरांच्या नावाचे महाविद्यालय आहे.

१३/ या भागातले एखादे मूल पदवीधर झाले की आपण त्याच्या चिकाटीचे कौतुक करतो, आणि ते रास्तच आहे. मात्र त्या मुलाच्या आधी कोणी गोळ्या झेलल्या होत्या, आणि कोणी पाटी घेऊन कुरणापर्यंत चालत गेले होते. (समाप्त)